सैनिकी शिक्षणाच्या वाटा आणि आपला शिष्यवृत्ती-निधी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वर्धा येथे शिष्यवृत्ती-समितीच्या वतीने वाचलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीकडे पूर्वी जे अर्ज येत ते बहुतेक अभियांत्रिकीचे, वैद्यकीचे अथवा शिक्षकी पदविकेचे असत. अलीकडे त्यांत एका नव्या विचारणेची भर पडली आहे. देवळी, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतील पालक विचारू लागले आहेत की, मुलास सैन्यात अधिकारी करावयाचे तर त्याला कोणत्या शाळेत घालावे, खर्च किती येईल आणि मंडळ त्यास काय साहाय्य करील? या प्रश्नाची नीट छाननी करून ज्ञातीपुढे मांडावी अशी समितीची इच्छा होती. ती पूर्ण करण्यासाठी आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

हा विषय वर्ध्यात मांडताना कोणाच्याही मनात एक शंका यावी, आणि ती येणे योग्यच आहे. १९३६ साली महात्माजी सेगावी येऊन राहिले. पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात नव्या शिक्षणाचा विचार करणारी परिषद याच गावी भरली. धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम आहे. अशा भूमीत मुलांस शस्त्रविद्येकडे वळविण्याची भाषा शोभते काय? परंतु याच जिल्ह्यात पुलगाव आहे, आणि तेथे देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर त्या भांडारास आग लागली, आणि ती आवरताना दोन लष्करी अधिकाऱ्यांसह कित्येक जवानांनी व अग्निशामक कर्मचाऱ्यांनी प्राण दिले. सेवाग्राम आणि पुलगाव ही दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्याची आहेत. त्यांच्यामधील वाद मिटविण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. आम्ही एवढेच सांगतो की, लष्करी सेवा ही इतर नोकऱ्यांसारखी एक नोकरी नव्हे. तीत शस्त्र धरावे लागते आणि प्रसंग पडल्यास देहही ठेवावा लागतो. हे मुलाने जाणून आणि आईबापांनी घरात मोकळेपणी बोलून पत्करावे. शिक्षण विनामूल्य होते एवढ्याच कारणाने कोणी या वाटेस लागू नये, हे आमचे पहिले सांगणे आहे.

आता वाटांचा विचार करू. त्या अनेक आहेत आणि प्रत्येकीस वयाचे कुंपण आहे. पालकांची बहुतेक निराशा मुलाच्या बुद्धीमुळे होत नाही. कुंपण कोठे आहे हे वेळ टळून गेल्यावर कळते, त्यामुळे होते. म्हणून वयाच्या क्रमानेच ही मांडणी करणे बरे.

पहिली वाट सैनिक शाळेची. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी आपल्या महाराष्ट्रातच, साताऱ्यास सुरू झाली. त्या वेळी यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. विदर्भातील मुलास सातारा फार दूर पडे. ती अडचण २०१९ साली चंद्रपूर-बल्लारपूर भागात दुसरी सैनिक शाळा सुरू झाल्याने पुष्कळ कमी झाली आहे. हिंगणघाटावरून जाणारा लोहमार्गच तिकडे नेतो. येथे सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो. सहावीसाठी वय दहा ते बारा वर्षांचे आणि नववीसाठी तेरा ते पंधरा वर्षांचे असावे लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सहावीची प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते, नववीची केवळ इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलास म्हणूनच पाचवीचे वर्ष हेच खरे अनुकूल वर्ष होय. या शाळांतील सदुसष्ट टक्के जागा ज्या राज्यात शाळा असेल त्या राज्याच्या मुलांसाठी असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांस राखीव जागा आहेत. वार्षिक शुल्क मात्र लाखाच्या वर जाते. पालकाचे उत्पन्न पाहून राज्य शासन शिष्यवृत्ती देते. तरीही काही भार घरावर राहतोच.

दुसरी वाट डेहराडूनच्या राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालयाची. १३ मार्च १९२२ रोजी स्थापन झालेली ही संस्था नावाने महाविद्यालय असली तरी प्रवेश आठवीत होतो. प्रवेशाच्या वेळी वय साडेअकरा ते तेरा वर्षांचे असावे लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि महाराष्ट्रात ती पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाते. जागा राज्यागणिक वाटलेल्या असल्याने आपल्या वाट्यास फार थोड्या येतात. याच धर्तीवर पाच राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहेत. त्यांपैकी आपल्या लोकांस परिचित असे बेळगावचे. सहावी आणि नववी या दोन टप्प्यांवर तेथे जाता येते.

तिसरी वाट दहावीनंतरची आहे, आणि आमच्या मते मध्यम स्थितीतील कुटुंबास तीच सर्वांत हिताची आहे. राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. दहावीच्या वर्षी लेखी परीक्षा आणि मुलाखत देऊन येथे निवड होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलास तेथे ठेवून खडकवासल्याच्या परीक्षेसाठी तयार केले जाते आणि या प्रशिक्षणाचा खर्च शासन सोसते. मुलींसाठी अशीच शासकीय संस्था २०२३ साली नाशिकास सुरू झाली. आमच्याकडे आलेल्या पालकांपैकी पुष्कळांस सैनिक शाळा ठाऊक होती, या संस्थेचे नाव मात्र ठाऊक नव्हते.

चौथी वाट बारावीची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्यास तिची कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातील विद्यार्थी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊ शकतो. ती वर्षातून दोनदा होते. गणितास तीनशे, सामान्य क्षमतेस सहाशे आणि त्यानंतर निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या कसोटीस नऊशे, अशी गुणांची वाटणी आहे. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि वायुदल यांसाठी पदार्थविज्ञान व गणित लागते. अर्ज लाखांनी येतात आणि एका परीक्षेस जागा सुमारे चारशे असतात, हे पालकांनी आरंभीच समजून घ्यावे. बारावीला विज्ञान व गणित घेतलेल्या मुलास भूदलाच्या तांत्रिक प्रवेशाची, आणि वैद्यकीकडे ओढा असणाऱ्या मुलामुलीस १९४८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची वाटही खुली असते.

पाचवी वाट पदवीधरांची. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेने डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत पंचविसाव्या वर्षापर्यंत जाता येते. चेन्नईच्या प्रवेशासाठी गणिताची प्रश्नपत्रिका नसते, म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्याने मनाने खचण्याचे कारण नाही. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेत राहून ज्याने ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळविले, त्यास लेखी परीक्षेवाचून थेट निवड मंडळापुढे जाण्याची सोय आहे. छात्रसेना म्हणजे रविवारची कवायत आणि अल्पोपाहार, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सोडून द्यावी.

या पाच वाटांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक समाधानाची गोष्ट दिसते. खडकवासल्याचे दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होते आणि पदवीधरांचे दार एकोणिसाव्या वर्षीच उघडू लागते. ज्या मुलास बारावीनंतर अपयश आले, त्याच्यापुढे अजून पाच-सहा वर्षे उभी असतात. अट इतकीच की, त्या अपयशाच्या वर्षी त्याने शिक्षण सोडलेले नसावे.

येथपर्यंत अधिकारीपदाच्या वाटा झाल्या. जवान म्हणून भरती होण्याची वाट निराळी, आणि आपल्या जिल्ह्यातून अधिक मुले तिकडेच धावतात. १४ जून २०२२ रोजी केंद्र शासनाने अग्निपथ योजना घोषित केली. त्या घोषणेप्रमाणे अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि त्यांतून पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान पुढे नियमित सेवेत घेतले जातात. पहिल्या वर्षी मासिक तीस हजार रुपये ठरले आहेत. त्यांतील नऊ हजार निधीत जमा होऊन हाती एकवीस हजार येतात. चौथ्या वर्षी चाळीस हजार, हाती अठ्ठावीस हजार. जवानाचा वाटा आणि शासनाचा तेवढाच वाटा व्याजासह मिळून अखेरीस सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजार रुपये हाती पडतात. या चार वर्षांचे निवृत्तिवेतन अथवा उपदान नाही. चार-पाच एकर कोरडवाहू शेतीवर सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या घरास ही रक्कम लहान नाही, हे आम्ही जाणतो. परंतु सतराव्या-अठराव्या वर्षी गेलेला मुलगा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत आला, तर त्याच्या हाती पैसा असेल. पदवी असेल काय? हा प्रश्न भरतीच्या मैदानावर जाण्यापूर्वी विचारावयाचा आहे. उत्तर ‘नाही’ असे असल्यास मुक्त विद्यापीठातून किंवा अन्य मार्गाने सेवाकाळातच शिक्षण चालू ठेवण्याचा निश्चय करून त्याने जावे.

जवानाच्या वाटेस आम्ही कमी लेखतो असे कोणी समजू नये. परमवीरचक्राचे मानकरी राम राघोबा राणे हे कारवारजवळचे. १९४० साली ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले आणि १९४८ च्या एप्रिलात नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांस वाट करून दिली. दुसरीकडे खडकवासल्याच्या दारातून गेलेले आपल्या शेजारच्या नागपूरचे जनरल मनोज पांडे २०२२ ते २०२४ या काळात भूदलप्रमुख होते. दोघेही अभियंता दलाचेच. वाटा दोन असल्या तरी मान एकच.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. १९९२ पासून स्त्रियांस भूदलात वैद्यकीय सेवेखेरीज इतर शाखांतही अधिकारी म्हणून घेण्यास आरंभ झाला; परंतु स्थायी कमिशनचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये व्यापक रीतीने मान्य केला आणि खडकवासल्याची परीक्षा त्यांस २०२१ साली खुली झाली. २०२२ साली गेलेल्या पहिल्या तुकडीतील सतरा कन्या ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून बाहेर पडल्या. सैनिक शाळांत सहावीपासून आणि डेहराडूनच्या विद्यालयातही आता मुलींस प्रवेश आहे. असे असता आमच्याकडे आलेल्या विचारणांत मुलींच्या पालकांची संख्या नगण्य आहे. दार उघडल्यावर उंबरठ्यावर थांबणे हे आपल्या ज्ञातीस शोभणारे नाही.

आता खर्चाकडे वळू, कारण निधीचा प्रश्न तेथेच आहे. खडकवासल्यास राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके आणि औषधोपचार यांचा भार शासन वाहते. घरच्यांस आरंभीची काही अनामत आणि हातखर्च एवढेच पाहावे लागते. डेहराडून व चेन्नई येथील प्रशिक्षणात तर सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा छप्पन्न हजार शंभर रुपये विद्यावेतन आहे. याचा अर्थ असा की, ज्याची निवड झाली त्यास मंडळाच्या शिष्यवृत्तीची फारशी गरज उरत नाही. आणि आजवर आपण काय करीत आलो? निवड झालेल्याचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो आणि शिष्यवृत्तीही त्यालाच देतो. ज्याच्या पायाशी रस्ता आला त्यास आपण वाहन देतो. जो रानातून वाट शोधीत आहे त्याच्या हाती कंदीलही नाही.

खरा खर्च दाराच्या अलीकडे आहे. पाचवीच्या मुलास परीक्षेची पुस्तके आणि सराव हवा. आठवी ते बारावी इंग्रजी आणि गणित यांचे जाणते मार्गदर्शन हवे, कारण आयोगाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. दात, डोळे, पायांचे तळवे, गुडघे, रंगांधळेपणा यांची वैद्यकीय तपासणी आरंभीच व्हावी. दोन वर्षे अभ्यास करून अखेरीस या कारणाने परत येणे फार दुःखाचे असते. परीक्षेस नागपूर आणि कसोटीस भोपाळ किंवा त्याहून दूरचे गाव गाठावे लागते. निवड मंडळापुढे प्रथम जाणाऱ्यास रेल्वेभाडे परत मिळते, पण ते आधी खिशातून घालावे लागते.

‘विनामूल्य’ या शब्दाचीही पारख केली पाहिजे. प्रशिक्षण अर्धवट सोडून स्वेच्छेने परतणाऱ्या छात्राच्या पालकांकडून शासन खर्च वसूल करू शकते, तसे बंधपत्र लिहून द्यावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणानंतर सेवेचे बंधन आहे. अल्पमुदतीचे कमिशन दहा वर्षांचे, फार तर आणखी चार वर्षांचे. स्थायी कमिशन न मिळाल्यास निवृत्तिवेतन नाही, आणि तिशी-पस्तिशीत दुसरा उद्योग पाहावा लागतो. प्रशिक्षणातच गंभीर दुखापत होऊन घरी परतलेल्या छात्रांस माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने त्यांचे हाल होतात; ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोष्टीची स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर शासनाने त्यांस माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचा लाभ देऊ केला. हे सर्व सांगण्यात कोणास भिवविण्याचा हेतू नाही. कागदावर सही करणाऱ्या बापाने कागद वाचलेला असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावरून समितीच्या सूचना अशा: निधीचा सैनिकी शिक्षणासाठी ठेवलेला भाग यापुढे निवडीपूर्वीच्या वर्षांवर खर्चावा. पाचवीतील मुलामुलींस पुस्तके आणि परीक्षाशुल्क द्यावे. दहावीतील इच्छुकांची वैद्यकीय तपासणी ज्ञातीतील डॉक्टरांनी एक दिवस देऊन विनामूल्य करावी. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुटीत गणित व इंग्रजीचे वर्ग वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट येथे भरवावेत. निवृत्त शिक्षकांची आपल्याकडे वाण नाही. कसोटीस जाणाऱ्यास प्रवासखर्च उसना द्यावा. सैनिक शाळेच्या शुल्कातील शासकीय शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा भाग अत्यंत गरजू घरास बिनव्याजी द्यावा. मात्र मुलाने सैन्यात गेलेच पाहिजे अशी अट मंडळाने घालू नये. दहाव्या वर्षी बापाने केलेला संकल्प अठराव्या वर्षी मुलाच्या गळ्यात बांधणे न्यायाचे नाही. तो पुढे उत्तम शिक्षक किंवा शेतकरी झाला, तरी आपला पैसा वाया गेला असे आम्ही समजणार नाही.

याखेरीज वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी मंडळाने नित्य संपर्क ठेवावा. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन कसोटीची प्रतीक्षा करणाऱ्या महाराष्ट्रातील उमेदवारांस नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात शासनाच्या खर्चाने तयार केले जाते, आणि त्याची वाट या कार्यालयातूनच जाते. सर्व परीक्षांच्या अर्जाचे महिने दाखविणारे एक पान पुढील स्मरणिकेत छापावे. जाहिरातीच्या एका पानाचे उत्पन्न बुडेल. परंतु त्या एका पानामुळे एखाद्या मुलाचे वर्ष वाचले, तर तो सौदा तोट्याचा ठरणार नाही.

शेवटी विद्यार्थिमित्रांस इतकेच सांगतो. पहाटे उठणे, आपले काम आपण करणे, खरे बोलणे, दहा जणांत मिसळून वागणे, या गुणांची परीक्षा निवड मंडळ पाच दिवस घेते. ते गुण पाच दिवसांत येत नाहीत; ते घरात, शेतात आणि शाळेत वर्षानुवर्षे अंगी मुरतात. सेवाग्रामच्या नव्या शिक्षणासही याहून वेगळे काही शिकवावयाचे नव्हते. ते गुण अंगी बाणले, तर निवड होवो वा न होवो, तुमचे आयुष्य फुकट जाणार नाही. समितीच्या सूचनांवर सभेने आजच निर्णय घ्यावा अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.